चरण कोठे संपतो? : प्राचीन ओवीचे यमक आणि संगणकीय गणना

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. या ग्रंथात ओवीचे जे लक्षण आले आहे त्याचा आशय असा : देशभाषेत गायिले जाणारे प्रासयुक्त तीन खंड आणि त्यांच्या अखेरीस 'ओवी' हे पद. प्रास आदी, मध्य किंवा अंत यांपैकी कोठेही येऊ शकतो आणि ओव्या नाना छंदांत गाता येतात, अशी पुस्तीही शार्ङ्गदेव जोडतो. या लक्षणात अक्षरांची संख्या सांगितलेली नाही, लघुगुरूंचा क्रमही नाही. जे आहे ते दोनच गोष्टींविषयी : गाणे आणि प्रास. त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षे चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ओवी प्रथम आढळते ती कामाच्या लयीत, स्त्रियांच्या कंठात. आणि शास्त्रकाराने तिची ओळख पटवताना यमकाचा आधार घेतला आहे.

ही गोष्ट पुढील काळात काहीशी विसरली गेली. संस्कृत काव्यशास्त्रातील 'यमक' ही संज्ञा भिन्नार्थी अक्षरसमूहाच्या पुनरावृत्तीसाठी होती. भरताने 'नाट्यशास्त्रा'त तिचे दहा प्रकार सांगितले. चरणान्तीच्या ध्वनिसाम्याला संस्कृत काव्यात नियमाचे स्थान नव्हते. ते अपभ्रंश काव्यात रुजले आणि तेथून देशी भाषांकडे आले. मराठीने मात्र या नव्या गोष्टीला जुनेच नाव दिले. त्यामुळे पंडित कवींच्या काळात दोन अपेक्षा एकमेकींत मिसळल्या. 'यमक्या वामन' हे वामनपंडितांना मिळालेले बिरुद कौतुकाचे की थट्टेचे, याचा निर्णय अजून लागलेला नाही. पण त्या बिरुदातून एक मापदंड तयार झाला खरा. यमक म्हणजे दोन-तीन अक्षरांचे घट्ट साम्य, शक्यतो अर्थाच्या चमत्कृतीसह. या मापाने मोजले असता 'ज्ञानेश्वरी'तील किंवा महानुभावांच्या ग्रंथांतील ओवीचे यमक 'सैल' ठरते, आणि तसे ते अनेकदा ठरवलेही गेले आहे. श्लोकाची फूटपट्टी ओवीला लावून ओवी आखूड निघाली अशी तक्रार करण्यासारखा हा प्रकार होय.

छंदःशास्त्राच्या अभ्यासकांनी या बाबतीत अधिक सावधपणा दाखवला. माधवराव पटवर्धन यांनी 'छंदोरचना' (१९२७, विस्तारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात ओवी-अभंगांना वृत्त आणि जाती यांच्यापासून वेगळे काढून 'छंद' या वर्गात ठेवले आणि तेथे लघुगुरुभेद मावळतो, प्रत्येक अक्षराला सारखा काळ मिळतो, हे दाखवून दिले. ना. ग. जोशी यांनी १९५५ च्या 'मराठी छंदोरचना' या ग्रंथात संपूर्ण विषयाचाच लयदृष्ट्या पुनर्विचार केला. दोघांचेही लक्ष मुख्यतः चरणाच्या लांबीकडे आणि लयीकडे होते. यमक हा स्वतंत्र अभ्यासविषय न राहता छंदाच्या वर्णनातील एक कलम राहिले. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा, यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे. ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथा चरण आखूड व मोकळा. विद्यार्थ्याला हे सूत्र पाठ असते. त्या सूत्रात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या ओव्या नेमक्या कशा आहेत, कोणत्या ग्रंथात कोणते यमक किती वेळा येते, ते धातूवर उभे आहे की प्रत्ययावर, यांची मोजदाद करायची तर 'ज्ञानेश्वरी'च्याच सुमारे नऊ हजार ओव्या तपासाव्या लागतात. एवढे काम यंत्रावाचून होणे नाही, असे कोणालाही वाटेल.

असे काम युरोपातील एका भाषेत झालेले आहे. हंगेरियन वंशाचे अभ्यासक इश्तवान फ्रँक यांनी १९५० च्या दशकात त्रुबादुर कवींच्या छंदांची एक सूची पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक कवितेची यमकयोजना सूत्ररूपाने मांडून त्या सूत्रांनुसार सर्व कविता तिच्यात लावल्या होत्या. हाच विचार पुढे नेऊन इवान होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १६०० पर्यंतच्या सुमारे दीड हजार हंगेरियन कवितांची संगणकीय सूची तयार केली. १९९२ साली ती पॅरिसमधून दोन खंडांत निघाली. आरंभीची ओळ, छंद, यमकाचा आकृतिबंध, चाल असे प्रश्न प्रत्येक कवितेला विचारून त्यांची उत्तरे तिच्यात नोंदवलेली आहेत.

हंगेरियन उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला जवळचे वाटावे याला एक भाषिक कारण आहे. हंगेरियन ही प्रत्ययांवर प्रत्यय चढवत जाणारी भाषा. त्यामुळे क्रियापदे वाक्याच्या अखेरीस आणली की यमक आपोआप जुळते. सोळाव्या शतकातील शेबेश्त्येन तिनोदी या गायक-कवीच्या ऐतिहासिक गीतांत ओळीमागून ओळ 'वॉलॉ' (होता, होती, होते) या एकाच भूतकाळदर्शक शब्दावर संपते आणि या गोष्टीची हंगेरीतील पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा करीत आली आहेत. त्यानंतर आलेल्या बालिंत बालाशी याने (१५५४–१५९४) नऊ ओळींच्या, तीन त्रिकांच्या कडव्यात यमकाची घट्ट वीण घातली. साधे प्रत्यययमक वापरणारा तिनोदी आणि कलावंत बालाशी ही जोडी पाहिली की ओवीकार आणि पंडित कवी यांच्याविषयीची आपल्याकडील ठराविक वाक्ये आठवल्यावाचून राहत नाहीत. प्राचीन मराठीतही 'करितां–धरितां–वारितां' असे यमक भाषेनेच हाती ठेवलेले असते. त्यात कवीचे कर्तृत्व किती आणि व्याकरणाचे किती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

एक फरक मात्र मूलगामी आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून हंगेरियन पद्धत मराठीला लावता येणार नाही. सोळाव्या शतकातील हंगेरियन गीते बहुतांशी ठराविक अवयवसंख्येच्या ओळींत बांधलेली आहेत. ओळ कोठे संपते हे मोजून सांगता येते. यमक आहे की नाही हे त्यानंतर पाहायचे. ओवीचे तसे नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या पोथीत मजकूर सलग लिहिलेला असतो; दंड आणि आकडा येतो तो ओवीच्या अखेरीस. छापील प्रतींत बहुधा दोन ओळी पाडलेल्या असतात, त्या संपादकाच्या किंवा मुद्रकाच्या सोयीने. चरणांतील अक्षरसंख्या पाचही असू शकते आणि दहाही. मग पहिला चरण संपला हे वाचकाला कशावरून कळते? यमकावरून. यमक कोठे शोधायचे? चरणाच्या शेवटी. वाचक या वर्तुळातून सहज बाहेर पडतो, कारण तो अर्थ, श्वास आणि ऐकलेली चाल या तिन्हींच्या आधाराने वाचतो. यंत्राला यांपैकी काहीच ठाऊक नसते. ओवीत जेथे जेथे समान अक्षरे दिसतील ती सर्व स्थळे यमकाची म्हणून ते पुढे ठेवील, आणि विभक्तिप्रत्ययांनी गजबजलेल्या भाषेत अशी स्थळे एकेका ओवीत चार-पाच निघतात. भाषेने यमक सोपे केले आहे, त्याच कारणाने ते ओळखणे अवघड झाले आहे.

यापुढची अडचण लिपीची. हिची चर्चा साहित्याच्या अभ्यासकांनी तंत्रज्ञांवर सोपवलेली दिसते. ती त्यांनीच करायला हवी होती. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निश्चित झाली आणि तिच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावरून युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आली. मधल्या काळात छपाईसाठी जे मजकूर टंकलिखित झाले ते फाँटच्या आकारांनुसार. त्यांत ऱ्हस्व इकाराची वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. म्हणजे शब्द शेवटाकडून वाचू लागले की क्रमच उलटतो. जुहू आणि नवी मुंबईतील खारघर येथे काम करणारी संस्था, जी पूर्वी एन.सी.एस.टी. म्हणून ओळखली जाई आणि २००३ च्या सुमारास सी-डॅकमध्ये विलीन झाली, तिच्याशी संबंधित असलेले र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकावरील देवनागरीला 'मंगल' हे रूप दिले. अक्षराच्या दृश्य रूपातून कविता घडवणारा हा कवी यंत्राला देवनागरीचा आकार शिकवीत होता, ही गोष्ट मराठी समीक्षेने अद्याप पुरती लक्षात घेतलेली नाही. पण आकार नीट उमटला तरी यमकाचा प्रश्न सुटत नाही, कारण यमक डोळ्यांसाठी नसते.

एक साधे उदाहरण घ्यावे. 'मन' आणि 'जन' यांचे यमक निर्दोष आहे. 'मन' आणि 'मीन' यांचे नाही. संगणकात मात्र 'मन' म्हणजे म आणि न ही दोन चिन्हे. 'जन' म्हणजे ज आणि न. 'मीन' म्हणजे म, दीर्घ वेलांटी आणि न. शेवटाकडून ताडून पाहिले तर दोन्ही जोड्यांत एकच चिन्ह समान निघते, आणि यंत्राच्या लेखी दोन्ही यमके एकाच प्रतीची ठरतात. व्यंजनात मिसळलेला 'अ' देवनागरीत लिहिला जात नाही, म्हणून तो मोजला जात नाही. गणनेपूर्वी तो प्रत्येक व्यंजनात भरून घ्यावा लागेल. भरायचा तर अखेरच्या 'न'मध्येही भरायचा का? बोलताना तो नाहीसा होतो. अभंग गाताना तोच 'अ' लांबतो आणि त्याच्यावर टाळ पडतो. म्हणजे केवळ अक्षरे भरून भागत नाही. ओवी कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडून ऐकली असे मानायचे, हे आधी ठरवावे लागते. उलट प्रकारही आहे. वाणी या अर्थाचा 'वाचा' आणि 'पुस्तक वाचा' यातला 'वाचा' लेखनात एकरूप आहेत. उच्चारात पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. तेराव्या शतकातील कवी हे दोन च एकमेकांशी जुळवीत होता की टाळीत होता, याचे उत्तर मराठी ध्वनींच्या इतिहासाला मोलाचे ठरेल. यमक हा त्या काळच्या उच्चाराचा जवळजवळ एकमेव साक्षीदार आहे. पण लिपीच्या पातळीवरची गणना त्याला साक्षीला बोलावण्याआधीच गप्प बसवते.

अनुस्वारांनी यात भर घातली आहे. नपुंसकलिंगी 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' यांतील भेद जुन्या भाषेत ऐकू येणारा होता. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले. आधुनिक गद्यासाठी ते योग्यच होते. परंतु प्राचीन काव्याच्या लोकप्रिय प्रती त्याच वळणाने छापल्या गेल्या, आणि आता बहुधा त्याच प्रती संगणकावर चढवल्या जातात, कारण त्या सहज मिळतात. अशा संहितेवरून काढलेली यमकांची टक्केवारी ज्ञानदेवांच्या काळाविषयी काही सांगत नसते. विसाव्या शतकातील मुद्रणाविषयी मात्र बरेच सांगते. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली 'ज्ञानेश्वरी'ची प्रत, एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला पाठ आणि सांप्रदायिक प्रती यांच्यातील पाठभेद चरणान्तीच कोठे कोठे येतात, हे पाहणे त्याहून अधिक फलदायी होईल. नक्कल करणारा लेखक शब्द बदलताना यमक सांभाळतो की मोडतो, यावरून तो ओवी ऐकत होता की नुसती उतरवत होता हे कळू शकेल. असे मर्यादित काम संगणक उत्तम करील.

महानुभाव ग्रंथांच्या बाबतीत तर यंत्राची आणखी एक शक्यता आहे. हे ग्रंथ दीर्घकाळ 'सकळ'सारख्या सांकेतिक लिप्यांत जतन झाले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजण्याची ही रीत. नेहमी त्याच अक्षरासाठी तेच अक्षर येत असेल, तर संकेत न उलगडताही यमकाचा आराखडा जसाच्या तसा राहतो, कारण जे मुळात समान होते ते संकेतातही समानच असते. अर्थ न समजणाऱ्या यंत्राला हे काम साजेसे आहे. नक्कलकाराची चूक झाली असेल तेथे आराखडा मोडलेला दिसेल आणि संपादकाला तेथे थांबता येईल. निर्णय मात्र संपादकालाच करावा लागेल.

मराठीत प्रत्यक्ष झालेले सर्वांत मोठे संगणकीय काम पोथ्यांवर न होता जात्यावर झाले, हे ओवीच्या इतिहासाला धरूनच आहे. गी पॉइतवाँ (१९३४–२००४) आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील आपल्या संशोधनकेंद्रातून मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा हा संग्रह आहे. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्याची संगणकीय नोंद झाली आणि ध्वनिमुद्रणेही झाली; २०१६–१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो वाचकांपुढे आणण्याचे काम हाती घेतले. या संग्रहाचे वर्गीकरण आशयानुसार आहे : सीता, माहेर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब. संकलकांचा हेतू स्त्रियांचे म्हणणे ऐकणे हा होता, आणि म्हणून ते वर्गीकरण योग्य आहे. पण छंदाच्या अभ्यासकाला येथे एक विलक्षण सोय आहे. लिहिलेली दोन ओळींची ओवी आणि गायिलेली ओवी शेजारी ठेवता येतात. गाताना अर्धी ओळ पुन्हा येते, संबोधने आत शिरतात, चरणाचा तुकडा पुढचामागचा होतो. कागदावर ओळीच्या टोकाला असलेला यमकाचा शब्द कंठात भलत्याच जागी येऊन बसतो. शार्ङ्गदेवाने प्रासाला आदी-मध्य-अंत अशा तिन्ही जागा का दिल्या असतील, याचा अंदाज जात्याशी बसून येतो.

याच संगीतशास्त्रीय ग्रंथात ओवीप्रमाणे 'धवल' प्रबंधही आहे, आणि प्राचीन मराठीत त्याचे नाव वागवणारी रचना एका स्त्रीची आहे. चक्रधरांची शिष्या महदंबा हिने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेच्या निमित्ताने ऋद्धिपूर येथे श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे म्हटले. ते प्रथम म्हटले गेले आणि मग लिहिले गेले, ही परंपरेची स्पष्ट आठवण आहे. अभ्यासकांनी त्यांच्याकडे आद्य मराठी कवयित्रीचे काव्य म्हणून पाहिले, त्यांची अक्षरे मोजली आणि ती अनियमित निघाल्याची नोंद केली. मांडवात म्हणायच्या गाण्याची अक्षरे चालीवाचून मोजण्यात काय साधते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

तो विचारण्याची जागा अजून उपलब्ध आहे. ठाणे-रायगडच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण चालवते आणि त्या वेळी जी गाणी ती म्हणते त्यांना धवले किंवा धवला असेच नाव आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. घणसोली, कोपरखैरणे, करावे यांसारखी गावठाणे आता इमारतींच्या मधोमध आहेत. भातशेती आणि मिठागरे गेली. लग्ने सभागृहांत आणि ध्वनिवर्धकांवर गेली. ऋद्धिपूरच्या धवळ्यांपासून आगरी धवल्यापर्यंत सरळ वंशरेषा ओढणे धाडसाचे ठरेल. नाव एक, प्रसंग एक आणि म्हणणारी स्त्री, एवढेच साम्य हातात आहे. मध्ये सातशे वर्षांची आणि विदर्भ ते कोकण एवढ्या अंतराची पोकळी आहे. तरीही धवळ्याचा चरण कोठे संपतो हे जिच्या कंठातून ऐकता येईल अशी व्यक्ती आज पोथीत सापडणार नाही, ती या गावठाणांत सापडेल. आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली कमी होत चालल्या आहेत.

खारघरच्या संगणककेंद्रापासून ही गावे रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत. तिनोदीने १५५४ साली आपली गीते कोलोझ्वारला छापली ती सुरावटींसह. म्हणूनच होर्वाथ यांच्या सूचीत चालीचा प्रश्न विचारता आला. महदंबेच्या धवळ्यांची चाल कोणत्याही पोथीत नाही. धवलारिणीची चाल मात्र नोंदवता येईल, परंतु ती केवळ ध्वनिमुद्रित करून किंवा केवळ शब्द उतरवून चालणार नाही. श्वास कोठे तुटला, ओळ कोठे पुन्हा धरली, यमकाच्या अक्षरातील 'अ' ऐकू आला की नाही, या खुणा शब्दांच्या शेजारी, त्याच नोंदीत आणि गाणाऱ्या बाईला विचारून कराव्या लागतील. अशा काही शे ओळी हाती आल्या, की त्यांच्या आधाराने 'ज्ञानेश्वरी'च्या एखाद्या अध्यायातील चरणान्त पुन्हा लावून पाहता येतील.